भीमथडीचा घोडा आणि पशुप्रदर्शने : शिरूर–दौंड परिसराच्या इतिहासातील एक प्रकरण

पुणे जिल्ह्याच्या शिरूर तालुक्यातील वढू बुद्रुक हे गाव महाराष्ट्रास परिचित आहे ते छत्रपती संभाजी महाराजांच्या समाधीमुळे. मार्च १६८९ मध्ये औरंगजेबाच्या छावणीचा तळ ह्याच परिसरात, तुळापूर–कोरेगावच्या आसमंतात पडला होता. मोगली छावणी म्हणजे माणसांपेक्षा जनावरांचेच नगर असे. घोडे, बैल, उंट व हत्ती यांच्या दाणा-वैरणीची आणि पाण्याची सोय जेथे होईल तेथेच असा तळ पडू शके. भीमेचे पात्र, काठची काळी जमीन आणि पलीकडची माळराने ही सोय पुरवीत. भीमाकाठ हा केवळ राजकीय घडामोडींचा रंगमंच नव्हता, तर चतुष्पादांच्या पैदाशीचा व पोषणाचा एक स्वाभाविक पट्टा होता, ही गोष्ट इतिहासलेखनात पुष्कळदा दृष्टिआड होते. ह्याच पट्ट्याने दख्खनच्या घोड्याला ‘भीमथडी’ हे नाव दिले. थडी म्हणजे नदीचा काठ. गोदेच्या काठचे ते गंगथडी, नीरेच्या काठचे ते नीरथडी आणि भीमेच्या काठचे ते भीमथडी. आजचे दौंड व बारामती हे तालुके ज्या जुन्या तालुक्यातून निघाले त्याचे नावही भीमथडी असेच होते.

एकोणिसाव्या शतकात ह्या परिसराचा संबंध एका नव्या संस्थेशी आला. ही संस्था म्हणजे पशुप्रदर्शन, आणि विशेषतः घोड्यांचे प्रदर्शन. जनावरांची चढाओढ लावावी, तज्ज्ञ परीक्षकांनी त्यांचे गुणदोष पाहावे, उत्तम जनावराच्या मालकास बक्षीस द्यावे आणि त्यायोगे सर्व प्रांताची पैदास सुधारावी, अशी ही कल्पना होती. ज्या काठाने एके काळी स्वराज्याच्या फौजेस घोडे पुरविले, त्याच काठी ही कल्पना घोड्याच्या बाबतीत फळास आली नाही. असे का व्हावे, ह्याचा विचार केला असता जनावराची जोपासना कशावर अवलंबून असते ह्या मूळ प्रश्नाशीच येऊन पोहोचावे लागते.

पागा, हजिरी आणि शिलंगण

मराठ्यांच्या लष्करात घोडा दोन मार्गांनी येई. बारगिराला सरकारी पागेतून घोडा मिळे. शिलेदार स्वतःचा घोडा व हत्यारे घेऊन चाकरीस येई. शिवकालीन पागेच्या बंदोबस्ताचे वर्णन सभासदाच्या बखरीत आले आहे. पंचवीस बारगिरांवर एक हवालदार, पंचवीस घोड्यांमागे एक पखालजी व एक नालबंद, पावसाळ्यात छावणीस परतलेल्या लष्करासाठी दाणा-वैरणीची आगाऊ तरतूद आणि दसऱ्यास पुन्हा कूच, असा तो क्रम होता. निघताना व परतताना लष्कराजवळच्या चीजवस्तूंची मोजदाद होई. मोगलांकडे घोड्यास डाग देऊन स्वाराचा ‘चेहरा’ नोंदण्याची पद्धत रूढ होती. ह्या सर्व व्यवस्थेत घोड्याची परीक्षा सतत चाललेली असे. रंगावरून कुमाईत, अबलख, सब्जा, पंचकल्याणी असे भेद पाहिले जात. अंगावरील भोवऱ्यांची शुभाशुभ लक्षणे मोजली जात. चाल, छाती, खूर आणि दम यांचा कस पाहिला जाई. परीक्षक आणि गिऱ्हाईक येथे एकच होते. घोडा नापसंत झाला तर शिलेदाराची चाकरी जाई, पसंत पडला तर त्याच्या घरी वर्षाचे धान्य येई.

समाजासमोर घोडा मिरविण्याचा प्रसंग म्हणजे दसरा. खंडेनवमीस शस्त्रांची पूजा होई, दसऱ्यास घोड्यांना अंघोळ घालून झुली व गोंडे चढवीत, आणि दिवस कलल्यावर सरदार-शिलेदारांसह स्वारी सीमोल्लंघनास निघे. शिलंगणाची ही सायंकाळची स्वारी सोहळा होती तशीच हजिरीही होती. कोणाचे घोडे पुष्ट आहेत, कोणाच्या पागेत कसर झाली आहे, हे धन्यास व लोकांस एकाच वेळी दिसे. पाहण्याचा आनंद आणि पारखण्याची गरज ही दोन्ही तेथे एकत्र नांदत होती. पुढील विवेचनात हा मुद्दा ध्यानात ठेवणे अगत्याचे आहे.

घोड्याची किंमत त्या काळी किती मोठी होती ह्याचे एक प्रसिद्ध उदाहरण भीमाकाठचेच आहे. दौंडच्या पूर्वेस पेडगाव येथे मोगल सुभेदार बहादूरखानाचा तळ होता. १६७४ च्या पावसाळ्यात मराठ्यांनी त्यास हुलकावणी देऊन तळ लुटला. ह्या लुटीच्या वर्णनात खजिन्याच्या जोडीने आवर्जून उल्लेख येतो तो सुमारे दोनशे उत्तम घोड्यांचा.

आलेगावची पागा

१८१७ च्या पुण्याच्या तहानंतर इंग्रजांनी पुणे सहायक घोडदळ उभारले. १ जानेवारी १८१८ रोजी कोरेगाव येथे लढलेली कॅप्टन स्टाँटनची तुकडी शिरूरच्या छावणीतून निघाली होती आणि तीत ह्या नव्या घोडदळाचे स्वारही होते. पेशवाईच्या अस्तानंतर शिरूर, अर्थात घोडनदी, हे ह्या घोडदळाचे दीर्घकाळ ठाणे राहिले. पुढे ‘पूना हॉर्स’ ह्या नावाने प्रसिद्ध झालेल्या पलटणीचे मूळ येथे आहे.

ही पलटण ‘सिल्लेदार’ पद्धतीने चाले. हा शब्द आपल्या ‘शिलेदार’ शब्दाचेच इंग्रजी वळण होय. स्वाराने स्वतःचा घोडा आणावा अथवा त्यासाठी ठेव भरावी, अशी ही पद्धत पहिल्या महायुद्धानंतर मोडेपर्यंत चालू होती. त्यामुळे १८१८ नंतरही भीमथडीच्या घोड्यास काही गिऱ्हाईक उरले. परंतु एका छावणीची गरज ती किती? पेशवे, शिंदे, होळकर, पटवर्धन इत्यादिकांच्या हजारो स्वारांमुळे जी मागणी निर्माण होई तिच्यापुढे ती अगदी अल्प होती. शिलेदारांची घराणी शेतीकडे वळली. चांगल्या घोडीला दाणा घालणे हा आता उदरनिर्वाहाचा मार्ग न राहता हौसेचा खर्च झाला.

कंपनी सरकारला मात्र तोफखान्यास व गोऱ्या रिसाल्यांस मोठ्या बांध्याचे घोडे हवे होते. बंगाल इलाख्यात त्यासाठी पुसा येथे सरकारी पैदास-केंद्र अठराव्या शतकाच्या अखेरीसच निघाले होते आणि १८०८ पासून विल्यम मूरक्रॉफ्ट त्याचा अधीक्षक होता. त्याच धर्तीवर मुंबई इलाख्याचे केंद्र एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात शिरूर तालुक्यातील आलेगाव येथे उघडण्यात आले. आजही ह्या गावाचे नाव ‘आलेगाव पागा’ असे आहे. सरकारी दप्तरात तो ‘स्टड’ होता; लोकांनी मात्र आपल्या जुन्या शब्दाने त्यास ओळखले आणि तो शब्द गावाच्या नावास कायमचा चिकटला. आलेगावचा हा उद्योग फार काळ टिकला नाही. सरकारने स्वतः जनावर वाढवावयाचे तर जमीन, दाणा आणि नोकरवर्ग यांवरील खर्च भागत नसे. शिवाय मुंबई बंदरातून अरबी घोडा आणि शतकाच्या मध्यानंतर ऑस्ट्रेलियातून ‘वेलर’ जातीचा घोडा सहज विकत मिळू लागला होता.

प्रदर्शनाची कल्पना

स्वतः पैदास करण्याचा मार्ग सोडल्यावर सरकारने दुसरा मार्ग धरला. सरकारी वळू जिल्ह्यांत ठेवावे, रयतेने आपल्या घोड्या त्यांच्याकडे आणाव्या आणि होणाऱ्या शिंगरांस प्रदर्शनात बक्षिसे द्यावी, असा तो मार्ग होता. ह्या कल्पनेचे उगमस्थान विलायतेत होते. स्कॉटलंडच्या हायलंड सोसायटीचे पहिले प्रदर्शन १८२२ मध्ये एडिंबरो येथे भरले. इंग्लंडच्या रॉयल ॲग्रिकल्चरल सोसायटीने पहिले प्रदर्शन १८३९ मध्ये ऑक्सफर्ड येथे भरविले. हिंदुस्थानात १८६४ च्या जानेवारीत कलकत्त्याजवळ अलिपूर येथे मोठे शेतकी प्रदर्शन झाले. मराठी मुलखात १८६५ च्या डिसेंबरात नागपूर येथे कलाकौशल्य व उत्पन्नाच्या पदार्थांचे प्रदर्शन भरले. पुढे पुणे व अहमदनगर (आजचे अहिल्यानगर) ही घोड्यांच्या प्रदर्शनांची दख्खनमधील मुख्य स्थळे झाली.

पशुवैद्यकाचा इतिहासही ह्याच सुमारास पुण्याशी जोडला गेला. १८६२ मध्ये पुण्यास लष्करी पशुवैद्यक शाळा निघाली. तिच्याशी संबंध असलेला जे. एच. बी. हॅलन हा पुढे गुरांच्या साथींची चौकशी करणाऱ्या आयोगाचा अध्यक्ष झाला. १८७१ च्या त्या आयोगाच्या अहवालात बुळकांडीसारख्या रोगांचा विचार झाला आहे. १८७६ मध्ये घोड्यांच्या पैदाशीचे स्वतंत्र खाते निघाले तेव्हा त्याची सूत्रेही हॅलनकडेच आली. मुंबईचे पशुवैद्यक महाविद्यालय १८८६ मध्ये सुरू झाले आणि १८८९ मध्ये पुण्यात जंतुशास्त्रीय प्रयोगशाळा निघून ती काही वर्षांनी हिमालयात मुक्तेश्वर येथे हलविण्यात आली. शास्त्र, खाते, वळू आणि बक्षीस ही चारही साधने येणेप्रमाणे सिद्ध झाली होती.

बक्षीस आणि कर्ज

साधने सिद्ध होत होती, त्याच वर्षांत भीमथडीच्या रयतेची अवस्था काय होती? १२ मे १८७५ रोजी भीमथडी तालुक्यातील सुपे येथे सावकारांच्या दप्तरांवर जमाव तुटून पडला. हा उठाव शिरूर, इंदापूर, पुरंदर ह्या तालुक्यांत आणि नगर जिल्ह्यातही पसरला. रोखे व खतपत्रे जाळणे हा त्याचा मुख्य हेतू होता. पाठोपाठ १८७६–७८ चा दुष्काळ आला. दुष्काळात प्रथम जातो तो कडबा, नंतर जनावर आणि शेवटी माणूस. ज्या कुणब्याचा बैल सावकाराच्या जप्तीत गेला किंवा वैरणीवाचून दावणीस मेला, त्याने घोडीस हरभरा घालून तीन-चार वर्षे शिंगरू सांभाळावे आणि पुण्याच्या प्रदर्शनातील संभाव्य बक्षिसाची वाट पाहावी, ही अपेक्षा मुळातच अवास्तव होती. १८९६–९७ आणि १८९९–१९०० च्या दुष्काळांनी उरलासुरला पशुसंग्रहही खिळखिळा केला.

याच काळात चराऊ राने आकसली. १८७८ च्या कायद्यानंतर वनखात्याचा अंमल कडक झाला आणि गुरे चारण्यावर निर्बंध आले. महात्मा जोतीराव फुले यांनी १८८३ मध्ये लिहिलेल्या ‘शेतकऱ्याचा असूड’ ह्या ग्रंथात वनखात्यावर कठोर टीका आहे. त्याच ग्रंथात सरकारने दरवर्षी शेतकऱ्यांची प्रदर्शने भरवावी, पिकांच्या व औत हाकण्याच्या परीक्षा घ्याव्या आणि बक्षिसे द्यावी, अशीही सूचना आहे. प्रदर्शनाची कल्पना फुले यांना मान्य होती. परंतु त्यांच्या विवेचनात तिच्याबरोबर पाणी अडविणे, चराईची मोकळीक, शेतकऱ्याच्या मुलांचे शिक्षण आणि कर्जाचा बंदोबस्त ह्या गोष्टी येतात. सरकारी योजनेत बक्षीस होते. बक्षिसास पात्र होण्याइतके सामर्थ्य रयतेच्या अंगी येण्याची तजवीज नव्हती. दोन्ही विचारांतील हे अंतर निर्णायक आहे.

दुसरे कारण आगगाडीचे. १८५८ मध्ये लोहमार्ग पुण्यास पोहोचला आणि तेथून तो भीमेच्या खोऱ्यातून सोलापूरकडे गेला. १८७८ मध्ये दौंड–मनमाड फाटा खुला झाला. ज्या दौंडच्या माळावर एके काळी घोडेस्वारांच्या टोळ्या फिरत, ते दौंड रेल्वेचे मोठे जंक्शन झाले. दूरच्या प्रवासास घोडा लागेनासा झाला. लष्करास हवा असलेला उंच घोडा परदेशातून येऊ लागला आणि भीमथडीचा आटोपशीर बांध्याचा, काटक, अल्प दाण्यावर दूरवर जाणारा घोडा परीक्षकांच्या मापात बसेना. अरबी वा विलायती वळूचे शिंगरू उंच निघे खरे, परंतु त्याचा खुराक कुणब्याच्या आवाक्याबाहेरचा असे. ज्या गुणांमुळे ह्या जातीचे नाव झाले होते, त्या गुणांस बक्षीस नव्हते.

दिवसाचे प्रदर्शन व सायंकाळचा खेळ

ह्याच काळात पाश्चात्य देशांत प्रदर्शनाचे रूप पालटत होते. लंडनच्या इस्लिंग्टन भागात १८६२ मध्ये ॲग्रिकल्चरल हॉल बांधला गेला आणि छपराखाली जनावरांची प्रदर्शने भरू लागली. न्यूयॉर्कमध्ये १८८३ पासून राष्ट्रीय अश्वप्रदर्शन सुरू झाले. १९०० मध्ये शिकागोच्या पशुबाजाराच्या आवारात आंतरराष्ट्रीय पशुप्रदर्शन सुरू झाले, तर १९०७ मध्ये लंडनच्या ऑलिंपिया सभागृहात आंतरराष्ट्रीय अश्वप्रदर्शन भरले. शिकागोची व्यवस्था विशेष बोधप्रद आहे. दिवसा बैल, मेंढ्या व डुकरे यांची परीक्षा होई. तेथे शेतकरी, व्यापारी व खाटीक येत. सायंकाळी दिव्यांच्या प्रकाशात घोड्यांचा खेळ होई; तेथे शहरातील प्रतिष्ठित मंडळी तिकीट काढून येत. एकाच छपराखाली दोन समाज, दोन वेळा आणि जनावराकडे पाहण्याच्या दोन दृष्टी निर्माण झाल्या. मोटारीमुळे घोड्याचा उपयोग जसजसा घटला तसतसे सायंकाळच्या खेळाचे महत्त्व वाढले. दिवसाच्या बाजारात ज्याचे स्थान संपत आले होते, त्यास रात्रीच्या रोषणाईत नवे स्थान मिळाले.

दख्खनच्या शिलंगणाशी ह्याची तुलना उद्बोधक ठरते. दोन्ही प्रसंग सायंकाळचे आणि दोन्हींत घोडा शृंगारलेला. परंतु शिलंगणास निघालेला घोडा दुसऱ्या दिवशी मोहिमेवर जाणारा होता. सभागृहातील घोडा खेळ संपल्यावर तबेल्यात परते. पाहणे आणि वापरणे यांची जी फारकत झाली, तीच आधुनिक अश्वप्रदर्शनाची खूण होय. नंदुरबार जिल्ह्यात तापीकाठी सारंगखेडा येथे दत्तजयंतीस भरणारी यात्रा हे महाराष्ट्रातील घोडेबाजाराचे ठळक स्थान आहे. अलीकडे तेथे घोड्यांच्या चालीच्या, नृत्याच्या व शर्यतींच्या स्पर्धाही होतात. नांदेड जिल्ह्यातील माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेतही घोड्यांचा बाजार भरतो. ह्या ठिकाणी खेळ आहे, पण खेळाशेजारी सौदाही आहे, आणि म्हणून ती स्थळे टिकून राहिली आहेत.

बैलाची गोष्ट वेगळी का झाली

भीमाकाठी घोडा मागे पडला तरी बैल मागे पडला नाही. शेताची नांगरट, मोट, गाडी आणि पुढे उसाची वाहतूक ह्या सर्वांस तो लागे. आषाढातील बेंदूर किंवा श्रावण-भाद्रपदातील पोळा ह्या दिवशी शिंगे रंगवून, झूल घालून बैलांची मिरवणूक सायंकाळी वेशीतून मारुतीच्या देवळाकडे निघते. हे गावचे स्वतःचे प्रदर्शन होय. बक्षीस त्यात नसते. मात्र कोणाची जोडी भरली आहे आणि कोणाची खंगली आहे हे साऱ्या गावास कळते. चाकण व बेल्हे येथील बैलबाजारांतून ही परीक्षा पैशाच्या रूपाने पुन्हा होत राहिली.

सरकारी धोरणानेही विसाव्या शतकात घोड्याकडून गुरांकडे मोहरा वळविला. १९२६ मध्ये नेमलेल्या शेतकी आयोगाने १९२८ च्या अहवालात एक दुष्टचक्र दाखवून दिले. जेथे चारा कमी तेथे चांगली जनावरे निपजत नाहीत. ती निपजत नाहीत म्हणून कामासाठी अधिक जनावरे पाळली जातात. आणि त्यामुळे चारा आणखी अपुरा पडतो. मुंबई इलाख्यात १९३३ मध्ये पशुसुधारणा कायदा होऊन निकृष्ट वळूंच्या नियंत्रणाची तरतूद झाली. १९६२ मध्ये जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्यानंतर पशुसंवर्धनाचे स्थानिक काम त्यांच्याकडे आले आणि यात्रांच्या जोडीने पशुप्रदर्शने भरविण्याची प्रथा दृढ झाली. यात्रेस माणूस व जनावर दोन्ही येतातच. प्रदर्शनाने तेथे जावे, हा व्यवहारी विचार त्यामागे होता. पुण्याच्या लष्करी मैदानावरील प्रदर्शनात शेतकरी परका होता, यात्रेत तो घरचा होता.

तथापि बैलाचे स्थानही आता अढळ राहिलेले नाही. ट्रॅक्टरने नांगरट घेतली, विजेच्या पंपाने मोट संपविली. शिरूर, खेड, आंबेगाव व जुन्नर ह्या तालुक्यांत उत्तम खिलार बैल जोपासला जातो तो आता बहुतांशी शर्यतीसाठी. सर्वोच्च न्यायालयाच्या ७ मे २०१४ च्या निर्णयाने ह्या शर्यती बंद झाल्या. महाराष्ट्राने २०१७ मध्ये कायद्यात दुरुस्ती केली, १६ डिसेंबर २०२१ रोजी न्यायालयाने सशर्त अनुमती दिली आणि १८ मे २०२३ रोजी ही दुरुस्ती वैध ठरविली. ह्या भागातील घाटात बैलांच्या जोड्यांपुढे घोडी पळविण्याची रीत आहे. भीमथडीच्या मुलखात घोड्याला उरलेल्या थोड्या कामांपैकी हे एक काम होय. बंदीच्या काळात बैल सांभाळणे परवडत नसल्याची तक्रार शेतकरी करीत, तर जनावराच्या यातनेचा प्रश्न बंदीचे समर्थक मांडीत. दोन्ही बाजूंच्या युक्तिवादाच्या मुळाशी एकच वस्तुस्थिती होती, ती ही की ज्या जनावरास काम उरले नाही त्याच्या अस्तित्वाचा आधार शोधावा लागत होता. २०२२ मध्ये लम्पी चर्मरोगाच्या साथीमुळे राज्यात गुरांचे बाजार व प्रदर्शने थांबवावी लागली, तेव्हा हॅलनच्या काळचा साथीचा प्रश्नही नव्या रूपाने पुढे आला.

उपसंहार

२०१९ च्या पशुगणनेत भारतातील घोडे व तट्टे यांची संख्या सुमारे ३.४ लाख भरली. २०१२ च्या तुलनेत ही घट सुमारे ४५ टक्क्यांची होती. ह्या पार्श्वभूमीवर भीमथडी घोड्याची स्वतंत्र जात म्हणून राष्ट्रीय पातळीवर अलीकडे झालेली नोंद महत्त्वाची आहे. मारवाडी, काठेवाडी, मणिपुरी इत्यादी जातींच्या पंक्तीत तिला स्थान मिळाले. मेंढ्यांचे कळप घेऊन घाटमाथ्याकडे व परत देशाकडे फिरणाऱ्या धनगरांनी बिऱ्हाड वाहण्यासाठी ही तट्टे राखली, हे तिच्या टिकावाचे प्रमुख कारण होय. ह्या घोड्याचा अखेरचा आश्रय प्रदर्शनाच्या मैदानावर सापडला नाही. तो धनगराच्या वाड्यावर सापडला.

प्रदर्शन जनावराची पारख करू शकते, चांगल्या पैदाशीस प्रतिष्ठा देऊ शकते, शास्त्र व शेतकरी यांची गाठ घालू शकते. ते कामाची जागा घेऊ शकत नाही आणि चाऱ्याची तर नाहीच. शिलेदारास चाकरी होती म्हणून त्याची घोडी पोसली गेली. धनगरास वाट चालावयाची होती म्हणून तट्टू राहिले. आलेगावच्या पागेला व पुण्याच्या बक्षिसांना असा आधार लाभला नाही. भीमथडीच्या घोड्याची नोंद झाल्यावर त्याची प्रदर्शने पुन्हा भरतील, सायंकाळी त्याचे खेळही होतील. ते पाहताना माळरान कोणासाठी मोकळे आहे आणि धनगराची वाट अजून चालू आहे काय, हे दोन प्रश्न विचारले गेले पाहिजेत. एकोणिसाव्या शतकातील परीक्षकांनी ते विचारले नव्हते.